एस्तेरबाईंची येसूर आमटी

"आता जे सांगतो ते तुम्हाला पटणार न्हाई," शांतवन मास्तर म्हणाले. "पाळकसाहेबांना तर बिलकुल पटणार न्हाई. जे दिसत न्हाई ते दुसऱ्याला पटवायचा त्यांना पगार आहे, पण तेच माझ्या तोंडून आलं की त्यांना थाप वाटते."

चर्चचे पाळकसाहेब हसले. शेजारच्या साळूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. रूपाली मात्र हसली नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिच्या हातांवर काटा आला होता.

कारण तसंच होतं. एस्तेरबाईंना, म्हणजे तिच्या सासूबाईंना, जाऊन त्या रविवारी वर्ष झालं होतं. सकाळी पत्र्याच्या चर्चमध्ये स्मरणाची उपासना झाली, मग सगळे कबरस्तानात गेले, कबरीवर झेंडूची फुलं वाहिली. मास्तर तिथून बरंच आधी निघाले, खुर्च्या आणतो म्हणून. बाकीचे घरी पोहोचले तेव्हा ते खुर्च्या घेऊन दारातच उभे होते आणि कुलूप त्यांनी सगळ्यांच्या देखत उघडलं. रूपाली पाणी आणायला म्हणून आत गेली. शेगडी बंद होती. शेगडीवर पातेलं होतं. पातेल्यात येसूर आमटी होती, आणि तिच्यावर लाल तर्री अजून थरथरत होती. बाजूला फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकरी. हात लावला तर गरम.

येसूर म्हणजे साखर कारखान्याजवळच्या अंकुशनगरच्या त्या घरांच्या ओळीत कुणाला सांगायची गोष्ट नाही. बाजरी, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या, खोबरं, सगळं भाजून दळलेलं. आमटी दाट करायला तेच. पण एस्तेरबाईंची येसूर आमटी ही वेगळी वस्तू होती. नाताळाला, कापणीच्या सणाला, कुणाच्या बाप्तिस्म्याला, पंधरा मैलांवरून माणसं उपासनेला यायची आणि मधल्या प्रार्थनेत डोळे किलकिले करून चर्चच्या मागच्या दाराकडं बघायची, पातेलं आलं का म्हणून. बाई दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून, तशाच पांढऱ्या साडीत पातेलं रिक्षातून उतरवायच्या. सकाळी कबरीजवळसुद्धा पाळकसाहेबांनी त्यांच्या सेवेबद्दल चार वाक्यं सांगितली आणि आमटीबद्दल सहा.

आणि आता ती बाई कबरीत होती आणि आमटी शेगडीवर.

रूपाली बदनापूरच्या बौद्ध घरातली. वडील राजानंद शिक्षक. भूत हा अडाण्याचा धंदा आहे, हे तिनं बाराखडीच्या आधी पाठ केलेलं. शिवाय ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरीला. तरी तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं ते दोन बोटांनी, आणि बाहेर येऊन सासऱ्यांना, म्हणजे मास्तरांना, विचारलं, "मामा, हे कुणी करून ठेवलंय?"

त्यावर मास्तरांनी जे सुरू केलं ते हे.

"पहिल्या रविवारी मला वाटलं, साळूबाईंनी दिली."

"मी?" साळूबाई म्हणाल्या. "माझ्या हातची आमटी मास्तर खात्याल? गेल्या साली दिल्ती तर म्हणले, कोंबड्यांना चांगली आहे."

"कोंबड्यांनी खाल्ली की न्हाई?"

"खाल्ली."

"मंग! मी खोटं बोलतो का कधी?" मास्तरांनी खुर्ची पुढं ओढली. "तर पहिला रविवार. उपासनेहून आलो, कुलूप काढलं, आमटी तयार. दुसरा रविवार, तेच. तिसऱ्या रविवारी मी काय केलं, पाळकसाहेब तुमचा संदेश सुरू झाला तसा हळूच उठून आल्तो. तुम्हाला वाटलं असंल, म्हातारा लघवीला गेला."

"दर रविवारी जाता," पाळकसाहेब म्हणाले.

"तुमचा संदेश बी दर रविवारी असतो."

प्रेम, मास्तरांचा मुलगा, भिंतीला टेकून घड्याळ बघत होता. दाराबाहेर त्याची गाडी उभी होती आणि गाडीत मास्तरांची ट्रंक सकाळीच चढली होती. चार वाजता निघायचं, रात्रीपर्यंत पुण्याजवळ चाकणला, प्रेम-रूपालीच्या घरी. हे महिन्याभरापूर्वीच ठरलं होतं. ज्या माणसाला घरात मीठ कोणत्या डब्यात आहे ते माहीत नाही, असा चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस एकटा किती दिवस जगणार? डबा लावून दिला तर डबेवालीशी भांडण. मावशी ठेवली तर तिला तिसऱ्या दिवशी काढलं, भाकरी वातड करते म्हणून. मास्तर पुण्याला यायला नाही म्हणाले नव्हते. फक्त घराची किल्ली प्रेमनं दोनदा मागितली आणि दोनदा त्यांना ऐकू आलं नव्हतं.

"पप्पा, जल्दी आवरा," प्रेम म्हणाला.

"आवरतो. तर मी मागच्या खिडकीतून बघितलं." मास्तरांचा आवाज खाली आला. "पाठमोरी होती. पांढरी साडी. तोंड दिसलं न्हाई, हात दिसले न्हाईत, नुसती पाठ. धूर तिच्या अंगातून आरपार चालल्ता, कपड्याला न लागता. मी म्हणलं, एस्तेर, अगं पुनरुत्थान व्हायचंय अजून, शेवटच्या दिवसाचा कर्णा वाजला न्हाई, तू आधीच कशी उठलीस? तर मान न वळवता म्हणली, निजून निजून पाठ दुखून राह्यली हो. म्हणलं, उठली तर उठली, तोंड तरी दाखव. तर खोकली."

साळूबाईंनी तोंडावरचा पदर खाली घेतला.

"तोच खोकला," मास्तर म्हणाले. "मधेच तुटणारा."

रूपालीला तो खोकला माहीत होता. दवाखान्यातल्या अकरा रात्री तिनं काढल्या होत्या. एक ढास, दुसरी ढास, आणि तिसरी यायच्या जागी नुसती शांतता; त्या शांततेत ती उठून बसायची आणि सासूबाईंच्या छातीकडं बघायची, ती वर येते का ते. मास्तरांनी आता नेमकी तेवढीच शांतता धरली. कारखान्याच्या मळीचा आंबूस वास खिडकीतून आत आला. आणि आत स्वयंपाकघरात झाकण सरकलं. पडलं नाही. ओट्यावर कुणी बाजूला करून ठेवावं तसं सरकलं.

"मांजर," पाळकसाहेब म्हणाले.

"आमचीच असंल," साळूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, बारीक आवाजात, "पण तिनं पहाटं पिल्लं घातल्यात. ती जागची हालत न्हाई."

रूपालीनं मागं वळून बघितलं नाही. आपण का वळत नाही, हे तिनं स्वतःला विचारलं आणि उत्तर दिलं नाही.

"जेवून घ्या," मास्तर म्हणाले. "तिनं केलंय तर गारढोण करू नका. तिला आवडायचं न्हाई."

ताटं मांडली. पाळकसाहेबांनी आशीर्वाद मागितला, पण नेहमीपेक्षा फार लांबवला आणि मधे दोनदा आवाज चढवला. आमेन झालं. सगळ्यांनी पहिला घास जरा बिचकत घेतला. मग कुणी कुणाकडं बघितलं नाही. प्रेमच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिखटाचं नव्हतं. वर्षभरात ती चव तो विसरला होता, आणि ती पहिल्या घासाला सगळी परत आली. त्यानं ताट बाजूला सारलं.

"आईचीच आहे," तो म्हणाला.

"मंग? मी काय म्हणून राह्यलो?" मास्तर एकदम उजळले. "हे बघ प्रेम, माझ्या जेवणाची काळजी मिटली. ती येती, करून जाती. मी इथं उपाशी मरत न्हाई. आणि मी तिकडं चाकणला आलो, तर ती इथं कुणासाठी करंल? बंद घरात येऊन एकटीच बसंल. ट्रंक उतरव."

रूपालीला तेव्हा कळलं की हा सगळा खटाटोप ट्रंकेसाठी चालला आहे. पण आमटी तर खरी होती. थाप कितीही मोठी असली तरी ती दाट होत नाही, तिला तर्री येत नाही.

पाळकसाहेबांनी हात धुतले, रुमालाला पुसले, आणि ते उभे राहिले. त्यांचा चेहरा आता उपासनेतला झाला होता.

"मास्तर, मी इतका वेळ गंमत म्हणून ऐकलं. पण चव मी ओळखतो. एस्तेरबाई प्रभूत निजलेल्या आहेत. त्यांच्या रूपानं जे येतं ते त्या नाहीत. आपल्या घरात असलं राहू देता येत नाही. संध्याकाळी मंडळीला बोलावतो. उपास, प्रार्थना. येशूच्या नावानं आज्ञा करायची आणि बाहेर काढायचं."

मास्तरांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याच्या मागं काही उरलं नाही. "तिला बाहेर काढणार?"

"जे काही आहे त्याला."

"काढायचं काही न्हाई!" प्रेम म्हणाला. तो उठून उभाच राहिला. "पप्पांनाच इथून काढायचं. आज, आत्ता. रूपाली, पुण्यात मेंदूच्या डॉक्टरची वेळ घे. माणूस बंद घरात बायकोला बघून राह्यला, तिच्याशी बोलून राह्यला, आणि आपण पंगतीला बसलोय. पप्पा, किल्ली द्या. घर भाड्यानं द्यायचं, ह्या महिन्यातच."

मास्तरांनी खिशावर हात ठेवला. रूपालीनं त्यांना एवढं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. ज्या गोष्टीच्या जोरावर घर राखायचं होतं तीच गोष्ट एका बाजूनं चर्च घेऊन चाललं होतं आणि दुसऱ्या बाजूनं डॉक्टर. खरं बोलून सुटायला एक वाक्य पुरलं असतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते वाक्य ते गिळत होते. का गिळतात, ते तिला कळेना.

साळूबाईंना ह्या कशाचंच सोयरसुतक नव्हतं. त्या वाटीच्या कडेनं बोट फिरवत होत्या.

"एक मात्र खरं," त्या म्हणाल्या. "भूत असो का काही असो, गाठ म्हणून न्हाई आमटीत. माझ्या इतक्या गाठी होत्यात की नातवंडं मोजत बसतात. मी तर बराबर कोमट पाण्यात कालवती येसूर—"

"कोमट?" मास्तर म्हणाले.

"कोमट."

"अहो, कोमट पाण्यात कालवलं की सत्यानाश! थंड पाहिजे. माठातलं. आणि सगळं एकदम ओतायचं न्हाई, आधी जरासं, चिखलासारखं करून घ्यायचं, अस्सं, तळहातानं," मास्तरांचा तळहात हवेत गोल फिरू लागला, "मंग बाकीचं पाणी. आणि फोडणीवर लगेच न्हाई टाकायचं ते. लसूण लाल झाला की पातेलं खाली घ्यायचं, तेलाचा चर्र आवाज बंद होईस्तोवर थांबायचं. तुम्ही थांबत नसाल. बायका थांबतच न्हाईत. मंग येसूर, मंग आधणाचं पाणी धारंनं, आणि डाव उजवीकडूनच फिरवायचा, मधेच उलटा फिरवला की तर्री फाटती. आणि फडकं कोरडं घ्या उतरवताना, ओल्यानं वाफ बसती, हे बघा इथं—"

त्यांनी अंगठ्याच्या बुडाशी असलेला पांढरा डाग दाखवला. एक नव्हता. जुने, नवे, एकावर एक असे पाच-सात होते. काही इतके जुने की कातडीत मुरून गेलेले.

मास्तरांचा हात तसाच वर राहिला.

"मामा," रूपाली म्हणाली. "तुम्हाला तर नुसती पाठ दिसल्ती ना?"

मास्तरांनी हात खाली घेतला आणि दुसऱ्या हाताखाली झाकला. "राहू दे, पोरी," ते म्हणाले. "तुझ्या पाया पडतो. राहू दे."

रूपालीनं पाळकसाहेबांकडं बघितलं. ते जायला चपला शोधत होते. प्रेमनं किल्लीसाठी हात पुढं केलेला होता. राहू दिलं तर संध्याकाळी मंडळी येणार नाहीतर चार वाजता गाडी सुटणार. ती मास्तरांच्या पुढ्यात खाली बसली.

"दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात आत्याबाईंना आमटी खावीशी वाटली. मी येसूर घेऊन बसले. म्हणलं, तुम्ही सांगा, मी करते. तर त्यांना फोडणीत आधी काय पडतं तेच सांगता येईना. लाजल्या, हसल्या, भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, दुखण्यानं विसरल्या. रडले मी तेव्हा." तिचा आवाज आता पाळकसाहेबांपर्यंत, दारापर्यंत पोहोचेल इतका चढला. "विसरल्या नव्हत्या त्या, मामा. त्यांना येतच नव्हती. ही आमटी पहिल्यापासून तुम्हीच करता, आणि नाव त्यांचं राखता!"