चांदीबाबाच्या पळीतले खिळे

खोडाळ्याच्या बाजारात त्या दिवशी भाजी कमी आणि माणसं जास्त होती. सगळी चांदीचे ताईत विकणाऱ्या चांदीबाबाभोवती. तीन दगडांच्या चुलीवर लोखंडी पळी, मुठीत धातूचे बारके तुकडे आणि बाबाचं तोंड अखंड चालू.

"कणसरीमाता जमिनीतून वर आली! हे तिचं चांदीचं बियाणं. यावरची अक्षरं माणसाला वाचता येत नाहीत, फक्त देवांना येतात! शेणीच्या आगीवर चांदी वितळते कधी? विचारा सोनाराला! माझ्या मंत्रानं वितळते!"

बघता बघता पळीत लखलखीत रस झाला. लोकांनी हात जोडले. कणसरी म्हणजे भात-नागलीची देवी. तिच्या नावानं मागितलं तर इथे नाही कोण म्हणणार? बाबा त्या रसाचे ताईत ओतत होता आणि वर आलेली काळी साय पुडीत बांधत होता. अशक्त पोरांना मधातून चाटवायची म्हणे.

मी पंचवीस वर्षं जव्हारच्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवले. बाबाच्या मुठीतलं बियाणं मी लांबूनच ओळखलं आणि माझं डोकं फिरलं.

शेजारी सूर्यमाळची रामी उभी होती. कडेवर दोन वर्षांची चंदा. अंगणवाडीच्या कार्डावर तिचं वजन कधीच कुपोषणाच्या लाल पट्ट्याच्या वर गेलं नव्हतं. पोरगी गळ्यातला ताईत चोखत होती.

"रामी, काढ ते तिच्या तोंडातून. शिसं आहे. विष!"

"असं नका बोलू, काका. देवीचं हाय. पोरीला गुण येल."

मी घुसलोच पुढे. बाबाच्या ढिगातला एक खिळा उचलला, त्याच्या तोंडाला चुलीची काजळी चोळली आणि रामीच्या हातातल्या कार्डावर दाबला.

"तू आश्रमशाळेत शिकलीस ना? वाच."

"ळ," रामी म्हणाली. मग पुन्हा, मोठ्यानं, "ळ हाय हा!"

"छापायच्या खिळ्यावर अक्षर उलटंच असतं. छापखाना बंद पडला तेव्हा असे गोणीभर भंगारात गेले."

"नास्तिक!" बाबा ओरडला. "देवी कोपेल!"

मी खिळा कार्डावर घासला. पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली. दगडावर ठेवून ठोकला, तर कडकन तुटला. "चांदी कागदावर अशी रेघ ओढत नाही; ती चेपते, तुटत नाही. जुने खिळे वितळवताना आम्ही असंच तपासायचो. चुकून जस्ताचा तुकडा गेला तर अख्खा घाणा बिघडायचा. शिशात सुरमा, म्हणजे अँटिमनी, आणि कथील असलं की शेणीवरही वितळतं. मंत्र कशाला हवा?"

मग म्हातारी धोंडीबाई पुढे आली. गळ्यातला राणीछाप रुपया तिनं सोडून बाबापुढे धरला. "घाल पळीत. ही खरी चांदी."

बाबाला रस ओतून रिकाम्या केलेल्या पळीत रुपया घालावा लागला. शेण्या पेटत राहिल्या, रुपया काळवंडला, पण वितळला नाही.

"तुझी चांदी खोटी आहे, म्हातारे!" बाबा म्हणाला.

तिथेच तो फसला. आमच्याकडे घराघरात असा एखादा रुपया आईकडून लेकीकडे येतो. धोंडीबाई म्हणाली, "माझे आईचा रुपया खोटा? आन तू खरा?"

बायकाच पुढे सरल्या. बाबा आपल्या जीपकडे पळाला, तिथे पोरांनी त्याची किल्ली काढून घेतली आणि कोणीतरी पोलिसांना फोन लावला. पुड्या मी डब्यात गोळा केल्या. मातीत फेकल्या असत्या तर कोंबड्यांनी टिपल्या असत्या.

रामीनं कनवटीची अर्धी पुडी काढली. "काका, परवा बाबा पाड्यावर आलता, दोन दिस चाटवलं मी. माझे हातानं."

मला रडू आलं आणि रागही आला. "आत्ता दवाखान्यात चल. रक्त तपासायला सांगू. ही पुडी डॉक्टरला दाखवायची."

लोकहो, कणसरीला खुशाल माना. पण पोराच्या तोंडात काही घालण्याआधी ते घासून बघा, ठोकून बघा, डॉक्टरला विचारा. आणि विचारल्यावर जो शाप देतो, त्याच्यापासून आधी पोर दूर करा.

जीपजवळून बाबा अजून ओरडतच होता, "ताईत काढलास तर देवी कोपेल!"

रामीनं दातानं दोरा तोडला. "कोपली तं माझेवर कोपू दे," ती म्हणाली. "पोर माझी हाय."