उलव्याच्या हद्दीवरची उदबत्ती

मित्रांनो, कंपनीने माझं नाव 'पिनो' ठेवलं होतं, पण नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत मला सगळे 'कीर्तनाची गाडी' म्हणूनच ओळखतात. रंग राखाडी, वय बारा वर्षं, डाव्या दाराला एक पोचा. उद्या मला न्यायला ट्रक येणार आहे. त्याआधी मला वाटलेली भीती तुम्हाला सांगून टाकते, म्हणजे मी मोकळी.

माझी कंपनी टारव्हिक. समुद्रापलीकडची. इथे आली तेव्हा तिने आधी लांबलचक, डौलदार मोटारी आणल्या. लोक शोरूममध्ये यायचे, दारं उघडून बघायचे, चहा प्यायचे आणि घरी जायचे. मग कंपनीला उमगलं की इथल्या माणसाला हवी छोटी गाडी. गल्लीत वळणारी, पेट्रोल बेताने पिणारी. तेव्हा घाटावरच्या कारखान्यात आम्ही पिनो बहिणी जन्मलो. काय ते दिवस होते! पनवेलच्या शोरूममध्ये आमच्यासाठी लोक तीन-तीन महिने थांबायचे.

पुढे उंच, रुंद गाड्यांची हवा आली. टारव्हिकने आम्हा छोट्यांचं काम बंद केलं आणि ती उंच गाड्या बनवायला धावली. पण त्या शर्यतीत दुसरे केव्हाच पुढे गेले होते. दोन वर्षांत तिने इथला गाशा गुंडाळला. शोरूमच्या काचेला आधी कागद चिकटले, मग तिथे गाद्यांचं दुकान आलं. जिथे मी हार घालून उभी होते, तिथे आता उशा रचलेल्या असतात. कंपनी आम्हाला मागे ठेवून गेली, आणि आमचे सुटे भागही हळूहळू संपत गेले.

पण माझं नशीब थोर. मला मिळालं ते सुमतीताईंचं घर. सुमतीताई शाळेतून निवृत्त झालेल्या बाई आणि कीर्तनकार. त्यांचे यजमान अविनाशराव मला चालवत आणि पेटीची साथ करत. नात सई मागच्या सीटवर मांडीवर झांजा घेऊन बसे. जाता जाता ताई पूर्वरंगाची आणि आख्यानाची उजळणी करत. किती आख्यानं ऐकली मी! देवळात पोचायच्या आधी ती सगळी माझ्यात होऊन जायची. पहिला श्रोता मी, मित्रांनो, आणि दक्षिणा फक्त पेट्रोलची.

"आजी," सई एकदा म्हणाली, "तू लोकांना सांगतेस मोह सोडा, आणि तुला हिच्या फाटक्या सीटकव्हरचाही मोह सुटत नाही."

"तो मोह नव्हे गं, ती कृतज्ञता," ताई म्हणाल्या.

"नवीन गाडी घ्यायची नसली की तिला कृतज्ञता म्हणतात," अविनाशराव म्हणाले, आणि तिघंही हसली.

ताईंची एक रीत होती. कीर्तनाच्या गावाची हद्द लागली की त्या माझ्या डॅशबोर्डवरच्या गणपतीपुढे उदबत्ती लावत. देवाच्या दारी सुगंधातून उतरावं, अशी त्यांची श्रद्धा. बारा वर्षांत ही रीत कधी चुकली नाही. मलाही ती फार आवडायची. पुढे तिचीच मला धडकी भरली.

झालं असं, की ओवे गावच्या धनेशने, आमच्या मेकॅनिकने, एकदा माझं बॉनेट उघडलं आणि पेट्रोलच्या नळीवर बोट ठेवलं.

"काका, ही नली बगा. कडक झालीय, चिरा पडल्यात. हिची दोनी तोंडं निराल्या मापाची हायत, बाजारातली कंची बसत नाय. शेवटची एक कलंबोलीत मिलाली व्हती, ती उरनच्या दवाखान्यातल्या मनिषा सिस्टरच्या पिनोला बसवली."

"म्हणजे आता?"

"मी शोधतो. तवर लांब नेऊ नका. आन पेट्रोलचा वास आला की जिथं असाल तिथं थांबा."

"बरं, बरं," अविनाशराव म्हणाले. घरी जाऊन ते ताईंना एवढंच म्हणाले, "धनेश एक पार्ट शोधतोय." ताईंना काळजी नको, म्हणून बाकीचं त्यांनी पोटातच ठेवलं. मित्रांनो, ते वाईट नव्हते हो. पण सगळं कळलं ते मला, आणि मला तोंड नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात उलव्याला नव्या देवळात ताईंचं कीर्तन ठरलं. दुपारी साडेचारला आम्ही निघालो. जेएनपीटी बंदराच्या रस्त्यावर मागेपुढे कंटेनर होते, आणि जिकडे बघावं तिकडे इमारतींची कामं. धूळ येते म्हणून सईने चारही काचा वर करायला लावल्या. त्याच वेळी माझ्या नळीची चीर उघडली. एक थेंब तापलेल्या इंजिनावर पडला. मग दुसरा.

मी शहारले. ताई मागे रंगून बोलत होत्या, सई झांज धरत होती, आणि पुढून एसीच्या जाळीतून तो वास त्यांच्याकडे चालला होता.

"अहो, कसला वास येतोय?" ताईंनी विचारलं.

अविनाशरावांनी वास ओळखला आणि थांबायला जागा शोधली. पण समोर कंटेनर, बाजूला कंटेनर. ते म्हणाले, "डांबराचा असेल. रस्त्याची कामं चाललीत ना."

"मला मळमळतंय," सई म्हणाली.

"थांब हं राजा. हद्द आलीच आहे. उदबत्ती लावते, म्हणजे हा घाण वास जाईल. आज दोन लावू. काडेपेटी कुठंय?"

काय सांगू तुम्हाला! बारा वर्षं ज्या हातांनी मला फुलं वाहिली, तेच हात पर्समध्ये काडेपेटी शोधत होते. मी देवाला हाक मारली. म्हटलं, पांडुरंगा, माझा कोळसा झाला तरी चालेल, पण हे लेकरू मागे बसलंय रे. तिच्या मांडीवर झांजा आहेत. ताई पुढे वाकल्या. उलव्याची पाटी दिसू लागली. पहिली काडी ओढली, ती दमट निघाली. नुसती खरखर झाली. ताईंनी दुसरी काढली.

"सुमती, नको!" अविनाशराव पुटपुटले.

आणि मला ठसका लागला. एकदा, दोनदा. इंजिनापर्यंत पेट्रोल पोचतच नव्हतं, सगळं बाहेर वाहत होतं. मी गचके खात बंद पडले. ताईंच्या हातातली काडेपेटी उडाली आणि काड्या पायाशी सांडल्या. मागचा कंटेनर कर्कश हॉर्न वाजवत बाजूने गेला. मी आपण होऊन थांबले की पांडुरंगाने मला थांबवलं, हे मला अजून ठाऊक नाही.

"उतरा! दोघी आधी उतरा! काडी ओढू नकोस!" आता अविनाशरावांचा आवाज फुटला.

तिघं लांब, मातीच्या ढिगाऱ्याशी जाऊन उभी राहिली. माझ्याखाली पेट्रोलचं थारोळं साचत होतं. अविनाशरावांनी तेव्हा धनेशचं बोलणं सगळं सांगितलं, मान खाली घालून. ताईंनी सईला इतकं घट्ट धरलं, की ती म्हणाली, "आजी, झांज टोचतेय."

त्या दिवशी ताई रिक्षाने गेल्या आणि कीर्तन केलं. कसं केलं, ते मी ऐकलं नाही. बारा वर्षांत मी न ऐकलेलं तेवढं एकच.

दुसऱ्या दिवशी धनेशने मला दोरखंड लावून घरी आणलं. अविनाशरावांचा जीव माझ्यात अडकलेला. ते म्हणाले, "धनेश, काहीतरी बांधून दे. हळू चालवीन. वर्षभर निघेल."

"काका, बांधून देनारे लय भेटतील. मी नाय देनार."

"अरे, पण इतकी वर्षं..."

"अहो," ताई मधेच म्हणाल्या, "माझ्या हातात काडी होती."

अविनाशरावांनी माझी किल्ली धनेशच्या हातात ठेवली.

मग धनेशनेच तोड काढली. मनिषा सिस्टरची पिनो गिअरबॉक्स गेल्याने उभी आहे. माझा गिअरबॉक्स तिला बसेल, दारंही बसतील, दिवेही. उरलेली मी भंगारात जाईन. मोडीत निघायची भीती वाटते का, असं विचाराल, तर हो, वाटते. लोखंडालाही वाटते. पण त्याहून मोठी भीती एकच होती. माझी ती चिरलेली नळी उद्या कुणी उचलील, पुसून चकचकीत करील आणि दुसऱ्या कुणा सईच्या गाडीला बसवील.

आज सकाळी ताईंनी डॅशबोर्डवरचा गणपती उचलून पदरात घेतला. कीर्तन संपल्यावर श्रोत्यांना लावतात तसा माझ्या बॉनेटवर बुक्क्याचा टिळा लावला. आणि धनेशला म्हणाल्या, "ती नळी काढ. माझ्यादेखत काप."

धनेशने सुरीने नळीचे चार तुकडे केले. ताईंनी ते एकेक मोजून घेतले. तेव्हा कुठे मला श्वास आला.

म्हणून सांगते, मित्रांनो. आम्हाला फुलं वाहा, हार घाला, आम्हाला आवडतं. पण जुन्या यंत्राला वास आला, आवाज आला, तर ते त्याचं बोलणं असतं. त्यावर सुगंध पसरू नका. आणि मोठी माणसं 'काही नाही' म्हणाली, तरी तुम्ही आपली काच खाली करा आणि मोठ्याने सांगा, "थांबा, मला उतरायचंय."