बारीक मासळीची पूड

अंगाने अगदी काडीपहिलवान, म्हणून गिरणीत सगळे त्याला पहिलवानच म्हणायचे. गिरणी कोंबडीखाद्याची. तिथे तो दिवसभर पोती वाहायचा, मक्याची, पेंडीची आणि बारीक सुक्या मासळीची. बायको बाळंतपणातच गेली. मागे राहिली ती चिमणी. तिला चौदावा महिना लागला होता, पण उचलली की हातात उशी घेतल्यासारखं वाटायचं. त्याची थोरली बहीण, ताई, तिला सांभाळायची.

दवाखान्यातल्या सिस्टरने चिमणीला काट्यावर ठेवलं, दंडाला पट्टी गुंडाळून पाहिली आणि कार्डावर लाल खूण केली.

"खायला काय देता?"

"भाताची पेज," ताई म्हणाली. "दुसरं काही घशाखाली उतरत नाही तिच्या."

"नुसत्या पेजेवर अंग कसं धरेल ती? बारीक सुकी मासळी आणा. डोक्या-काट्यांसकट भाजा, कुटा, बारीक चाळा आणि रोज चमचाभर पेजेत शिजवा."

हसावं की रडावं, पहिलवानाला कळेना. अकरा वर्षं तो तीच मासळी पाठीवर वाहत होता, कोंबड्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी त्याने एका फाटक्या पोत्यातून दोन मुठी मासळी काढली आणि रुमालात बांधून घरी आणली. कुठून आणलीस, असं ताईने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "बाजारातून." कोंबड्यांचं खाणं म्हटलं असतं तर तिने त्याला हातही लावला नसता. ताईने त्यातली थोडी मासळी भाजली, कुटली, चाळली. चिमणीने पहिल्याच दिवशी वाटी चाटूनपुसून साफ केली. दोघं बहीण-भाऊ तिच्याकडे बघतच राहिली. त्या घरात पुष्कळ दिवसांनी कोणीतरी हसलं.

चौथ्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत डोळे खोल गेले, रडायचंही त्राण उरलं नाही. तिला उचलून दोघांनी दवाखाना गाठला. हातावर शीर सापडेना, म्हणून सिस्टरने पायाला सलाईन लावली.

"राहिलेली मासळी घेऊन या," ती म्हणाली.

ताईने डबा आणला. सिस्टरने मासळी कागदावर ओतली. तळाशी वाळू होती, आणि कितीतरी माशांच्या पोटांवर हिरवट बुरशी.

"कुठली ही?"

"भावाने बाजारातून आणली."

पहिलवान भिंतीला टेकून उभा होता. "बाजारातली नाही," तो म्हणाला. "गिरणीतली आहे."

सिस्टरने मासळी कागदात गुंडाळून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "ती वाळूवर वाळवतात. भिजली तरी तशीच पोत्यात भरतात. कुठली आणायची, ते मीच नीट सांगायला हवं होतं."

ताई रिकामा डबा घेऊन चिमणीच्या उशाशी जाऊन बसली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

अकराव्या दिवशी चिमणी घरी आली. वजन पहिल्यापेक्षाही कमी भरलं होतं. पुढची मासळी ताईने स्वतः आणली, बंदरावर उंच मांडवावर वाळवलेली. एकेक मासा निवडला, धुतला, पुन्हा कडकडीत वाळवला. पण आता त्या वासाने चिमणी तोंड फिरवायची. ताई अर्ध्या चिमटीवर आली, मग नखभर पुडीवर. पाच आठवडे असेच गेले. मग एकदा चिमणीने तोंड उघडलं.

दोन वर्षांची होईपर्यंत कार्डावरची खूण पिवळी झाली. उंची मात्र मागेच होती. "भरून निघेल का?" पहिलवानाने विचारलं.

"थोडीफार," सिस्टर म्हणाली. "सगळी नाही सांगता येत."

तो गिरणीत जातच राहिला. दुसरं काम येतंय कुठे! मासळीचं पोतं आलं की मान खाली घालून उचलायचा. साथीदारांची थट्टा चालायची, तो नुसता हूं म्हणायचा.

एका संध्याकाळी ताईने पेजेची वाटी त्याच्यापुढे धरली. "आज तू भरव. बाप आहेस तिचा."

त्याने कोपरापर्यंत हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले. वाटी घेतली, चमचा भरला. चिमणी आ करून बसली होती. चमचा अर्ध्या वाटेवर थांबला, कलला आणि पेज त्याच्या मांडीवर सांडली.

"तूच भरव गं," तो म्हणाला आणि वाटी ताईकडे देऊन दारात जाऊन बसला.