थोरले यजमान

रुग्णालयाच्या तळघरातल्या गारेगार खोलीत दोन दांडगे सर्व्हर होते. एकेकाच्या पोटात रुग्णनोंदणी, रक्ततपासणी, औषधभांडार अशी कितीतरी आभासी यंत्रं नांदायची. या यंत्रांना तिथे 'पाहुणे' म्हणत आणि सर्व्हरना 'यजमान'. एक थोरले, एक धाकटे. नावं ते सर्व्हर सांभाळणाऱ्या तिनंच ठेवलेली. घरीही नवरा थोरला, दीर धाकटा, आणि सासूबाई तर नवऱ्याचा उल्लेख चारचौघांत 'हिचे यजमान' असाच करायच्या. ऑफिसात त्यावरून तिची यथेच्छ चेष्टा व्हायची. तिला ती आवडायचीही.

घरच्या थोरल्या-धाकट्यांचं मात्र चेष्टेवारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. वडिलांची जुनी मोटारसायकल थोरल्यानं न विचारता विकली, एवढ्यावरून दोघांत अबोला. दीर राहायचा दोन गल्ल्या पलीकडे, पण घराचा उंबरा शिवत नव्हता. घरच्या ग्रुपवर तो सगळं वाचायचा आणि चकार शब्द लिहायचा नाही. सासूबाई आतल्या आत झुरत होत्या. दोघांना समजावून तिचीही जीभ दमली होती.

त्या दिवशी सकाळी तिनं थोरल्या यजमानांवर नवा पॅच, म्हणजे सॉफ्टवेअरची दुरुस्ती, चढवला. ठिगळ लावायचं ते आधी एकालाच, हा तिचा नेम, म्हणून धाकटे वाचले. दुपारपासून थोरले आपोआप बंद पडायचे, पुन्हा सुरू व्हायचे, पुन्हा बंद. वर प्रयोगशाळेत रिपोर्ट अडकले, फोन खणखणू लागले. भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत झाली.

तिनं ऑफिसच्या ग्रुपवर घाईघाईत लिहिलं, 'थोरले यजमान सारखे कोसळताहेत. सगळा भार आता धाकट्यांवर.' फोन पालथा ठेवला आणि पदर खोचल्यासारखी कामाला लागली. थोरले उठून उभे राहिले की तेवढ्यात एकेक पाहुणा धाकट्यांकडे हलवायचा. घर रिकामं झाल्यावर तिनं पॅच काढला, थोरल्यांना कालच्या आवृत्तीवर आणलं आणि वाट बघत बसली. चहा गार झाला. थोरले काही पडले नाहीत. वरून फोन आला, "ताई, निघाले हो रिपोर्ट!" तिला अगदी धन्य धन्य वाटलं.

मग फोन सुलटा केला. ऑफिसच्या ग्रुपवर तिचं काहीच नव्हतं. निरोप घरच्या ग्रुपवर जाऊन बसला होता, आणि त्याखाली दिराचा एकच शब्द होता, 'निघालो.'

आता घरी काय रामायण झालं असेल, या धास्तीनं ती धापा टाकत पोचली. दारात दोन वेगवेगळ्या जोडांतल्या दोन चपला पडल्या होत्या. आत दीर सोफ्यावर, नवरा समोरच्या खुर्चीत, आणि मधे सासूबाई, डोळे पुसत हसत होत्या.

"वहिनी, हे काय? दादा तर ठणठणीत आहे! दार उघडलं तेव्हा कढई घासत होता."

"भावोजी, अहो, ते आमच्या सर्व्हरचं होतं. चुकून इथे आलं."

"म्हणजे धाकटा पण मी नव्हे?"

"नाही ना. तेही सर्व्हरच. थोरल्यांच्या पोटातले पाहुणे त्यांच्याकडे हलवले."

सासूबाईंना पुन्हा हसू फुटलं. "तरी बरं, पाहुणे धाकट्यांकडे हलवले असं लिहिलं नाहीस. मलाच पाहुणी समजून यानं माझी पिशवी भरली असती!"

दिरालाही हसू आवरेना. नवरा मात्र चपलांकडे बघत होता. म्हणाला, "मोटारसायकल विचारून विकायला हवी होती. चुकलंच माझं."

दिरानं भावाच्या कपातला चहा बशीत ओतून घेतला, लहानपणी घ्यायचा तसा.

तिनं फोन काढला. "तो मेसेज काढून टाकते आता."

"राहू दे, वहिनी," दीर म्हणाला. "परत यायला काहीतरी निमित्त लागेल."

"गाढवा," नवरा म्हणाला, "निमित्त कशाला लागतं रे?"