क्लेल हॅडिक्सची स्टील गिटार

"हे कीबोर्डचं स्टँड नाही, पोरी. हे वाद्य आहे," रोझली म्हणाली. "आणि तुम्ही ते उलटं मांडलंय. वाजवणाऱ्यानं काय भिंतीत बसायचं?"

दुकानाची मॅनेजर कीली हिने वाद्याकडे न बघता हातातल्या टॅबकडे बघितलं. "सिस्टिममध्ये हे 'गिटार, इतर, स्टँडसह' असं आहे, मॅडम."

"स्टँड नाही गं. ते तिचे पायच आहेत."

मागे कोणीतरी विजेची गिटार दुकान दणाणेल अशा आवाजात लावून पाहत होता. तेच चार सूर, पुन्हा पुन्हा, आणि त्यातला एक दर वेळी चुकलेला. रोझलीने स्टील गिटारच्या लाकडावरून हात फिरवला. डाव्या कडेला सिगारेटचा जुना डाग होता. तिच्या नवऱ्याने, क्लेलने, सिगारेट सोडली त्याला वीस वर्षं झाली, डाग राहिला. म्हणजे हीच. खालच्या तीन पट्ट्या, ज्या पायाने दाबल्या की तारांचा सूर वर चढतो, त्या नुसत्याच लोंबत होत्या. त्यांना जोडणाऱ्या सळया एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाजूला टांगल्या होत्या.

डेटन शहराच्या पूर्व भागात रोझली हॅडिक्सला सगळे दोन गोष्टींसाठी ओळखत. शाळेच्या स्वयंपाकघरात ती अकरा वर्षं पोरांना जेवू घालत होती, आणि शुक्रवार-शनिवारी नवऱ्याच्या बँडमध्ये उभा बास, म्हणजे व्हायोलिनच्या घडणीचं पण तिच्यापेक्षा उंच असं वाद्य, वाजवत होती. क्लेल ब्रेकच्या कारखान्यात होता. दोघांचेही आईबाप केंटकीच्या डोंगरातून कामासाठी इकडे आलेले. सैनिकांच्या क्लबात, लग्नांत, चर्चच्या जेवणावळीत चौतीस वर्षं दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून वाजवलं. म्हणजे ती उभी, तो बसलेला.

वाद्याचं काही दुखलं-खुपलं की झीनिया अ‍ॅव्हेन्यूवर लुट्झ म्हाताऱ्याचं दुकान होतं. तिथे गेलं की आधी कॉफी मिळायची, मग शिव्या, मग हवी ती वस्तू. म्हातारा गेला, दुकान मिटलं, आणि मॉलशेजारी हे आलं. देशभर अशी तीनशे दुकानं आहेत म्हणे. भिंतीवर शेकडो गिटारी, पण सुरात लावलेली एक नाही. रोझलीने एकदा बासच्या गजाला लावायची राळ मागितली तर ड्रमच्या काड्या पुढे केल्या. बासच्या तारा मागितल्या की उत्तर ठरलेलं: "उभा बास? वेबसाइटवर बघा ना." दुकानात फोन केला तर तो तिसऱ्याच राज्यातला माणूस उचलायचा. "दुकान नाही ते, गोदाम आहे," क्लेल म्हणायचा. "फक्त संगीत लावलेलं."

आणि त्याच दुकानात क्लेल स्वतःची स्टील विकून आला होता.

दोन वर्षांपासून त्याला विसर पडू लागला होता. आधी नावं गेली, मग रस्ते. गाणी मात्र हातात होती. कुठल्या गावात आलोय हे त्याला ठाऊक नसायचं, पण रोझलीने बासवर सुरुवात केली की त्याच्या डाव्या हातातली लोखंडी कांडी बरोबर जागेवर सरकायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "वाजवू दे त्यांना, जितके दिवस वाजवतील तितके." पण उन्हाळ्यात त्याने अचानक नाही म्हटलं. पाठ दुखते, म्हणाला. स्टील ठेवायची पेटी झोपायच्या खोलीत कोपऱ्यात उभी राहिली.

काल, रविवारी, झाडताना रोझलीने ती पेटी सरकवायला हात घातला. दोन माणसांनी उचलायची पेटी रिकाम्या बादलीसारखी वर आली. आत सासूची जुनी गोधडी होती, नीट घडी घातलेली.

"क्लेल, स्टील कुठाय?"

तो पेटीत वाकून बघत राहिला. "मला नाही माहीत, रोझ," म्हणाला, आणि तो खोटं बोलत नव्हता.

तिला वाटलं चोरी झाली. ती पोलिसांना फोन करणार, तेवढ्यात शेजारचा होबार्ट टोपी हातात घेऊन आला. "मीच घेऊन गेलो होतो गं त्याला. ऑक्टोबरात. दुरुस्तीला टाकायचीय म्हणाला. मला काय ठाऊक!"

म्हणून आज सोमवारी तिने शाळेत आजारी असल्याचं कळवलं, अकरा वर्षांत पहिल्यांदा. होबार्टला क्लेलजवळ बसवलं. दुकानाला फोन केला, तेव्हा त्या तिसऱ्या राज्यातल्या माणसाने सांगितलं, "एक नग शिल्लक आहे." रिकामी पेटी गाडीत टाकून ती निघाली.

"बरं, उलटी तर उलटी," ती आता कीलीला म्हणाली. "मी घेते ही. पेटी आणलीय मी."

कीलीने किमतीच्या चिठ्ठीवरचा बारकोड टॅबने तपासला. तिचा चेहरा उतरला. "सॉरी, मॅडम. विकली गेली. आज सकाळी दहा अठराला. ऑनलाइन. ओरेगॉनला."

"अगं, माझा हात आहे तिच्यावर."

"हो. म्हणजे, ती इथे आहे, पण आता इथली नाही."

सकाळी दहा अठराला रोझली याच दुकानाच्या फोनवर 'थोडं थांबा' ऐकत होती. मग तिने सगळं सांगितलं. कोणाची आहे, त्याला काय झालंय, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या. वरच्या आवाजात सांगावं लागलं, मागच्या त्या चार सुरांमुळे. शेवटी कीली वळली आणि ओरडली, "ए, आवाज कमी कर!" आणि टॅब छातीशी धरून म्हणाली, "मला रद्द करता येत नाही. विभागाच्या साहेबांना विचारते. बसा तुम्ही."

बसायला ड्रमवाल्याचं स्टूल होतं. रोझली त्यावर बसली आणि तिने एक तार छेडली. अर्धा सूर उतरलेली. इतके दिवस इथे होती, कोणी पिळसुद्धा दिला नव्हता.

"रोझली?"

दुरुस्तीच्या खोलीतून रस स्टँपर बाहेर आला. लुट्झच्या दुकानात तीस वर्षं हाच दुरुस्त्या करायचा. आता त्याच्या गळ्यात दुकानाची पट्टी होती आणि छातीवर नावाचा बिल्ला.

"तू?" रोझली उठली. "तू इथे असताना त्याच्याकडून घेतलीस ही?"

रसने खाली बघितलं. "तू गाडीत बसलीयेस म्हणाला."

"गाडीत होबार्ट होता."

"ते मला आज कळतंय. मी मागे लपवून ठेवली होती गं. पण माल ठेवायची मुदत संपली की फोटो काढून वेबसाइटवर टाकावाच लागतो. मी सुटीवर होतो, त्यांनी काढला." तो पिशवीतल्या सळयांकडे बघत होता. "अशी जोडलीय बघ, गाढवांनी."

"तो काय म्हणाला, रस? का विकतोय म्हणाला?"

"तुला सांगितलं नाही त्यानं?"

"त्याला आठवतच नाही."

रस म्हणाला, "त्या दिवशी चांगला होता. अगदी पहिल्यासारखा. म्हणाला, अर्ध्या गाण्यात मला कळेनासं होतं कुठलं गाणं आहे. मग रोझ माझ्याकडे तोंड करून वाजवते, मला जणू हाताला धरून गाण्याच्या पार नेते. तिला वाटतं मला कळत नाही. लोकांकडे पाठ करून उभी राहते बिचारी. मी विचारलं, मग घरी वाजव की, विकतोस कशाला? तर म्हणाला, ही घरात आहे तोवर रोझ दुसऱ्या कोणाबरोबर वाजवायची नाही. जोवर मला समजतंय तोवर मलाच हे केलं पाहिजे. पुढच्या आठवड्यात मला समजेल की नाही, सांगता येत नाही."

रोझलीचा हात सिगारेटच्या डागावर गेला.

"तुझ्यासाठी तारा मागितल्या त्यानं," रस म्हणाला. "बासच्या. चांगल्यातल्या. आपल्याकडे कुठल्या असायला! मी ऑर्डर टाकली. ती वरून रद्द झाली, आणि तसा मेल गेला म्हणे क्लेलला. क्लेलला कुठला आलाय मेल!"

ती परत स्टुलावर बसली. ऑक्टोबरात आठवडाभर तो रोज दुपारी दारापाशी जाऊन टपालाची पेटी उघडायचा. काय शोधतोयस म्हटलं तर, "येईल ते," म्हणायचा. ती त्याला हाताला धरून आत आणायची. एकदा चिडलीही होती.

कीली जवळजवळ पळतच आली. गाल लाल झाले होते. "झालं, मॅडम! खराब झालीय असं दाखवून रद्द करायला परवानगी दिली त्यांनी. ओरेगॉनवाल्यांना पैसे परत जातील. तुम्ही घेऊन जा."

रसने सुटकेचा श्वास सोडला आणि सळयांची पिशवी उघडायला घेतली.

रोझलीला दिसलं: ती पेटी घेऊन घरात शिरतेय, क्लेल उठून बघतोय. त्याला आनंद होईल. आणि मग कुठल्यातरी बऱ्या दिवशी, एखाद्या तासापुरतं, त्याला आठवेल की हे आपण घराबाहेर काढलं होतं. एवढं एक काम आपण एकट्यानं, नीट केलं होतं, आणि तेही राहिलं नाही.

"नको," ती म्हणाली. "जाऊ दे ओरेगॉनला."

"मॅडम, मी अर्धा तास फोनवर होते!"

"हो गं बाई. तुझे उपकार झाले. पण जाऊ दे."

कीली गोंधळून दोघांकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ते... वाजवणारे... गेले का?"

"नाही. घरी आहे. जेवायला वाट बघत असेल."

तिने फक्त एकच हट्ट धरला. दुकानाचा पुठ्ठ्याचा खोका बघून ती म्हणाली, "ह्यात घालून पाठवलंत तर तिकडे लाकूड पोचेल, वाद्य नाही." तिने गाडीतून पेटी आणली. गोधडी तेवढी काढून गाडीत ठेवली. पेटी यादीत नाही, असं कीली म्हणू लागली, तेव्हा रोझली म्हणाली, "मग सिस्टिमला सांगू नकोस." कीली पहिल्यांदा हसली आणि झाकण धरून उभी राहिली.

रसने सळया पुसल्या, पाय काढले, एकेक वस्तू तिच्या खाचेत बसवली. त्याने ओरेगॉनसाठी एक चिठ्ठी लिहायला घेतली. "काही सांगायचंय?" त्याने विचारलं.

"लिही, तिसरी पट्टी थंडीत जड होते. जोर लावू नका. जरा थांबा, मग चालते." थोडा विचार करून म्हणाली, "बाकी काही नको. नाव नको."

घरी पोचली तेव्हा एक वाजून गेला होता. होबार्टने भुवया उंचावून विचारलं, तिने नकारार्थी मान हलवली, आणि तो टोपी घालून गेला. क्लेल स्वयंपाकघरात टेबलाशी बसला होता. शर्टाची बटणं एकेक घर चुकून लावलेली. तिने घेवड्याची उसळ गरम करायला ठेवली आणि त्याची बटणं सोडून पुन्हा लावली.

"कुठे गेली होतीस?"

"मॉलशेजारच्या दुकानात."

"मिळालं का काही?"

"नाही."

"त्यांच्याकडे कधी काही नसतं," क्लेल म्हणाला आणि खुशीत हसला. मग तिच्या बोटांकडे बघत राहिला, तारांनी घट्टे पडलेल्या. "तू वाजवतेस ना? बँडमध्ये?"

"हो. शनिवारी आहे की, सैनिकांच्या क्लबात." असं काही ठरलेलं नव्हतं. क्लबातले लोक तिला तीनदा विचारून गेले होते आणि तिने तीनदा नाही म्हटलं होतं.

"स्टीलवर कोण असतं?"

तिने मक्याच्या पावाचा तुकडा घेतला. "सध्या कोणी नाही."

"शोध गं कोणीतरी," तो काळजीने म्हणाला. "तुझ्यासारखी बास वाजवणारी, तिच्याशेजारी चांगला माणूस पाहिजे."

"बघते," रोझली म्हणाली. तिने त्याच्या दुधाच्या पेल्यात पाव कुस्करून घातला, चमचा त्याच्या हातात दिला, आणि तो नीट धरेपर्यंत आपला हात तिथेच ठेवला.