आत्याची पापणी

कानामागची गाठ काढताना चेहऱ्याची नस दुखावली आणि आत्याचा डावा डोळा मिटेनासा झाला. त्याला तीन वर्षं झाली होती. दिवसभर ती डोळ्यात थेंब घालायची, झोपताना पापणी चिकटपट्टीने बंद करायची. "हा डोळा चोवीस तास ड्यूटीवर," असं म्हणून अर्ध्या चेहऱ्याने हसायची.

मी प्रयोगशाळेत रबराचे स्नायू बनवत होते. सिलिकॉनचा पातळ पापुद्रा घ्यायचा आणि त्याला दोन्ही बाजूंनी काजळीसारखा कार्बनचा लेप लावायचा. विजेचा दाब दिला की दोन्ही लेप एकमेकांकडे ओढले जातात, मधलं रबर चेपतं आणि पसरतं. वीज काढली की पुन्हा आखडतं. मोटर नाही, चाक नाही. आत्याच्या चेहऱ्याचा साचा घेऊन मी एक मुखवटा केला होता. त्याच्या डाव्या पापणीला कपाळावरची अशी एक पट्टी उचलून धरणार होती. वीज दिली की पट्टी लांबणार आणि पापणी मिटणार.

पण पट्टी टिकेल तर ना! निम्मा दाबही चढत नसे, तेवढ्यात फट्. एक ठिणगी आणि सुईएवढं भोक. माझ्या मार्गदर्शक सरांच्या सांगण्यावरून मी तीनदा रसायन बदललं. चार महिन्यांत अगदी मेटाकुटीला आले.

"माझं तोंड कसं काढलंयस ते तरी बघू," म्हणत एका दुपारी आत्या प्रयोगशाळेत आली. मुखवट्याकडे तिने धड पाहिलंही नाही. फुटलेल्या पट्ट्यांचा ट्रे दिसला आणि ती तिथेच थबकली. रबरी हातमोज्यांच्या कारखान्यात तिने तीस वर्षं तपासणीचं काम केलं होतं.

"लेप न लावलेला एखादा दे."

मी दिला. तिने तो खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरपा धरला आणि हळूहळू फिरवला.

"चिमणे, यात तंतू आहेत."

"शक्य नाही आत्या. आम्ही सगळं गाळून घेतो."

"गाळून घेत असशील. ओतल्यावर पडतात त्यांचं काय? हा बघ. निळा आहे. लोकरीचा."

भिंगाखाली पाहिलं तर खरंच केसाहून बारीक निळा तंतू. आम्ही दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं. खुंटीवर माझा निळा स्वेटर लटकत होता. विणलेला तिनेच.

"म्हणजे तुझ्या कामात खोडा घालणारी मीच की गं!" आत्या म्हणाली आणि हसता हसता खुर्चीतच बसली.

स्वेटर घरी गेला. पापुद्रे झाकणाखाली सुकू लागले. प्रत्येक पापुद्रा आत्या उजेडात धरून बघायची, दहातले सात बाजूला टाकायची. पुढच्या महिन्यात पहिली पट्टी पूर्ण दाबाला टिकली.

त्या दिवशी आत्याला मुखवट्यासमोर बसवलं. तिच्या उजव्या डोळ्याजवळ दोन चकत्या चिकटवल्या. तो डोळा मिटला की त्याच्या स्नायूची चाहूल यंत्राला लागणार आणि यंत्र पट्टीला वीज देणार. सर हाताची घडी घालून मागे उभे होते.

"मिट," मी म्हणाले.

तिने उजवा डोळा मिटला. ताणून उघडा राहिलेला डावा डोळा समोर पाहत होता. आणि समोर, मुखवट्यातल्या तिच्याच चेहऱ्यावर, डावी पापणी अलगद खाली आली. टेकली. वर गेली.

मी हे सूत्रांत शेकडो वेळा पाहिलं होतं, तरी अंगावर सरसरून काटा आला.

"आवाजच नाही गं," आत्या कुजबुजली.

तिने पुन्हा डोळा मिटला. पापणी पुन्हा खाली आली. झोपेला आलेल्या बाळाची यावी तशी, जराशी थरथरत. मी वीज बंद केल्यावर तिने पट्टीला एक बोट लावून पाहिलं.

"मऊ आहे. मला वाटलं होतं, यंत्र कडक असतं."

"तुझ्या डोळ्याला लावायला अजून वेळ आहे," मी म्हणाले. "विजेची पेटी लहान करायची आहे, परवानग्या घ्यायच्या आहेत. दोन-तीन वर्षं तरी लागतील."

"लागू देत. तोवर पापुद्रे कोण बघणार? तुम्ही?" तिने सरांकडे पाहिलं. सरांनी नकारार्थी मान हलवली.

मग ती मला वीज पुन्हा चालू करायला सांगून मुखवट्याकडे वळली.

"जन्मात कुणाला डोळा मारला नाही मी," ती म्हणाली, आणि तिने मारला.

मुखवट्यानेही मारला.