केशरी बाण

मावशीने अर्ज दोनदा भरला होता आणि दोन्ही वेळा तो शेवटच्या पानावर अडकून बसला होता. हेल्पलाइनवर लोकांचे फोन घेणाऱ्या समुपदेशकाची एकच जागा होती, अर्ज फक्त वेबसाइटवर घेत होते आणि मुदत आज पाचला संपत होती. बावीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर म्हणून काढलेली मावशी जन्मापासून आंधळी. तिने त्या जागेची आस धरली होती, आणि गंमत म्हणजे ती वेबसाइट बनवली होती तिच्या सख्ख्या भाच्यानेच.

भाचा चार वाजता आला तो मावशीचंच काहीतरी चुकलं असणार हे ठरवूनच. साइट अंधांना वापरता येते की नाही हे तपासणाऱ्या प्रोग्रामने त्याला शंभरपैकी शंभर गुण दिले होते. एकही चित्र त्याने वर्णनाशिवाय सोडलं नव्हतं, आणि हे ऑफिसभर सांगूनही झालं होतं. मीच भरून टाकतो, म्हणत त्याने लॅपटॉप ओढला. मावशीने तो परत आपल्याकडे घेतला.

"माझा अर्ज मी भरणार. तू नुसतं ऐक."

लॅपटॉपमधला आवाज पडद्यावरचं सगळं वाचून दाखवत होता, तोही इतका भरभर की भाच्याला निम्मं कळेना. मावशी मात्र नाव, पत्ता, अनुभव करत झपाझप पुढे गेली. शेवटच्या पानावर आवाज म्हणाला, "केशरी बाण, चित्र." पुढे काहीच नाही. पाठवायचं बटण कुठे ठेवलंयस, असं मावशीने शांतपणे विचारलं.

भाच्याचा चेहरा पडला. तो बाण हेच बटण होतं. बाण कसा दिसतो ते त्याने इमानेइतबारे लिहिलं होतं. तो दाबल्यावर काय होतं, हे लिहायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"त्याच्यावरच एंटर दाब, की झालं," तो पुटपुटला.

"मला तू सांगितलंस. बाकीच्यांना कोण सांगणार?"

त्याला मनापासून लाज वाटली. तिथेच बसून त्याने दुरुस्ती केली. पावणेपाचला आवाज "अर्ज पाठवा, बटण" म्हणाला, मावशीने एंटर दाबलं आणि अर्ज मिळाल्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

खात्री करायला भाच्याने साइटवर भरलेल्या अर्जांची यादी उघडली. मावशीचा अर्ज होता. त्याखाली शेवटच्या पानापर्यंत पूर्ण भरलेले, पण न पाठवलेले आणखी नऊ अर्ज होते. त्याने यादी घाईने मिटली, तेव्हा मावशीने खोदून खोदून त्याच्याकडून ते काढून घेतलं. तीही माणसं त्याच बाणापाशी अडली होती. त्यांना पुन्हा संधी द्यायला मुदत वाढवायची तर हेल्पलाइनच्या संचालकबाईंपुढे चूक कबूल करावी लागणार होती. शिवाय जागा एकच, आणि हे नऊ जण मावशीशीच स्पर्धा करणार होते.

मावशीने टेबलावरून बोट फिरवलं. ही नोकरी तिला किती हवी होती, ते त्याला माहीत होतं.

"लाव फोन," ती म्हणाली. "नऊ जण दाराबाहेर उभे ठेवून मिळालेली खुर्ची मला टोचेल."

पाचला सात मिनिटं उरली होती. भाच्याने फोन लावला आणि पहिलंच वाक्य म्हणाला, "बाई, चूक माझी आहे."